खेळाबरोबर त्याच्या पीसी आवृत्तीचीही समीक्षा हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमविषयी अधूनमधून लेख येऊ लागले आहेत, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार. गोव्यातील मराठी दैनिकाने या विषयाला जागा द्यावी, अशी माझ्यासारख्या वाचकांची जुनी इच्छा होती. मात्र या लेखांत एक उणीव सातत्याने जाणवते. कथा कशी आहे, दृश्ये किती देखणी आहेत, खेळ पूर्ण करायला किती तास लागतात, हे सारे त्यांत असते. परंतु तो खेळ संगणकावर नीट चालतो की नाही, याविषयी एक ओळही नसते. फोंडा, डिचोली, म्हापसा या भागांतल्या ज्या खेळाडूंना मी ओळखतो, त्यांपैकी फार थोड्यांच्या घरी प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे. बाकीचे सगळे अभ्यासासाठी वा नोकरीसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर, नाहीतर सुटे भाग जमवून जोडलेल्या संगणकावर खेळतात. त्यांच्या वाट्याला जो खेळ येतो तो त्याच्या पीसी आवृत्तीतूनच येतो, आणि ती आवृत्ती कच्ची असेल तर समीक्षकाने केलेली कथेची स्तुती त्यांच्या काहीच उपयोगाची नसते.

कन्सोलसाठी, म्हणजे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्ससारख्या खास खेळयंत्रासाठी, घडवलेला खेळ संगणकावर आणण्याच्या कामाला खेळाडू ‘पोर्ट’ म्हणतात. कला अकादमीच्या रंगमंचावर बसवलेले नाटक जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात करायचे ठरले, तर संहिता तीच राहते. पण प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी आणि पात्रांच्या ये-जा करण्याच्या जागा हे सगळे त्या मंडपाच्या मापाने पुन्हा बसवावे लागते. कन्सोल हा असा एकच, मोजमाप ठाऊक असलेला रंगमंच आहे. प्लेस्टेशन ५ जगात कुठेही विकत घेतला तरी त्यात तीच चिप, तीच १६ जीबी सामायिक मेमरी आणि तोच वेगवान एसएसडी (माहिती साठवणारा भाग) असतो. संगणकांच्या जगात मात्र प्रत्येक घरचा मंडप निराळा असतो. प्रोसेसर एका पिढीचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या पिढीचे, कुणाकडे एसएसडी, तर कुणाकडे अजून जुनी हार्ड डिस्क, अशी स्थिती असते. पोर्ट करणाऱ्या चमूचे कौशल्य नेमके इथे पणाला लागते, आणि या कौशल्याची समीक्षा आपल्याकडे कुणीच करत नाही.

संगणकावर खेळणाऱ्याला सर्वाधिक छळणारा दोष म्हणजे स्टटर, म्हणजे चालता चालता खेळाने क्षणभर अडखळणे. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे), म्हणजे ६० एफपीएस, या गतीने खेळ चालतो, तेव्हा प्रत्येक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. एखाद्या फ्रेमला १०० मिलिसेकंद लागले की चित्र तेवढा वेळ गोठते आणि हातातली तलवार किंवा चाक आपल्या ताब्यातून निसटते. गंमत अशी की असे धक्के मिनिटाला चार-पाच बसले तरी सरासरी आकडा फारसा घसरत नाही. त्यामुळे ‘या कार्डावर सरासरी ७० एफपीएस मिळतात’ हे वाक्य वाचून खरेदीचा निर्णय घेणाऱ्याची फसगत होते. सरासरीपेक्षा सर्वांत मंद अशा १ टक्का फ्रेमांची गती किती आहे, हे पाहिले तर खेळाची खरी प्रकृती कळते.

या स्टटरचे सर्वांत परिचित कारण म्हणजे शेडर. पाण्यावरचा प्रकाश, धुराची छटा, चिलखताची चमक कशी दिसावी हे ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांना शेडर म्हणतात. कन्सोलमधील चिप ठाऊक असल्यामुळे हे प्रोग्राम तिच्यासाठी आधीच कंपाइल करून, म्हणजे चिपला थेट समजेल अशा रूपात बदलून, खेळाबरोबर देता येतात. संगणकावर मात्र कार्ड आणि ते चालवणारे सॉफ्टवेअर (ड्रायव्हर) यांची जोडी प्रत्येकाकडे वेगळी असल्याने ते काम खेळाडूच्या घरीच करावे लागते. २०१५ साली विंडोज १० बरोबर आलेल्या डायरेक्टएक्स १२ या, खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या व्यवस्थेने पूर्वी ड्रायव्हर पडद्याआड सांभाळत असलेल्या या जबाबदारीचा मोठा भाग खेळ बनवणाऱ्यांवर टाकला. ज्यांनी ती ओळखली त्यांनी खेळ सुरू होण्यापूर्वीच शेडर तयार करून घेण्याची सोय केली. ज्यांनी दुर्लक्ष केले, त्यांच्या खेळात पहिला स्फोट, पहिला नवा शत्रू, पहिली नवी खोली असे प्रत्येक ‘पहिले’ धक्का देऊन जाते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ हा याच दोषामुळे पहिल्या दिवशी टीकेचा धनी झाला.

‘एल्डन रिंग’चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला हा खेळ कल्पकतेच्या दृष्टीने त्या वर्षीचा शिखरबिंदू होता, असे मी आजही मानतो. डोंगराच्या कडेवरून दिसणारा प्रत्येक बुरूज खरोखरच गाठता येतो आणि तिथे काहीतरी वाट पाहत असते, हा त्याचा आनंद मला इतरत्र क्वचितच मिळाला. परंतु त्याची पीसी आवृत्ती ६० एफपीएसच्या वर जाऊ देत नव्हती आणि विंडोजवर ती अडखळत असल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. त्याच आठवड्यात व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे हाती धरायचे, विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालणारे यंत्र बाजारात आले. व्हॉल्व्हच्या तंत्रज्ञांनी शेडर आधीच पोहोचवण्याबरोबरच या खेळासाठी मेमरीची हाताळणीही सुधारल्यामुळे त्या लहानशा यंत्रावर हा खेळ काही बाबतींत महागड्या संगणकापेक्षा कमी अडखळत होता. दोष यंत्राच्या ताकदीत नसून सॉफ्टवेअरच्या तयारीत होता, हे यातून उघड झाले. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही तयार शेडर खेळाबरोबरच डाउनलोड करून देणारी योजना जाहीर केली आणि ती प्रथम हाती धरायच्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय या यंत्रावर आणली. ती सर्व संगणकांपर्यंत पोहोचली तर या रोगाचे मूळच कमी होईल.

खराब पोर्टची चर्चा ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ शिवाय पूर्ण होत नाही. मूळ खेळ २०१३ चा. त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आली आणि २८ मार्च २०२३ रोजी, त्यावरील दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला हंगाम संपल्यानंतर थोड्याच दिवसांत, ती संगणकावर आली. कुतूहल शिगेला पोहोचलेले असताना आलेला हा पोर्ट पहिल्या दिवशी अनेकांकडे बंद पडत होता. ८ जीबी मेमरीच्या कार्डांवर भिंती आणि कपडे मातीसारखे गढूळ दिसत होते, आणि प्रोसेसरवरचा भार इतका होता की चांगले संगणकही धापा टाकत होते. प्लेस्टेशन ५ च्या चिपमध्येच साठवलेली माहिती उलगडण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. संगणकावर तेच काम प्रोसेसरच्या माथी पडते, याचा हिशेब पुरेसा केलेला नव्हता. पुढच्या महिन्यांत अनेक पॅच (दुरुस्त्या) आले आणि खेळ पुष्कळ सुधारला, हेही नमूद करायला हवे.

इथे ग्राहकाच्या हिताचा एक मुद्दा आहे, जो वृत्तपत्राच्या वाचकाला कळणे आवश्यक आहे. व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर सहसा परत करता येतो. मात्र ‘द लास्ट ऑफ अस’ सुरू करताना शेडर तयार होण्यासाठी काही संगणकांवर अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत होता आणि तो वेळ या दोन तासांतच मोजला जात होता. चार-पाच हजार रुपये मोजणाऱ्या विद्यार्थ्याने खेळ पारखायचा केव्हा? परताव्याची ही सोय जून २०१५ मध्ये सुरू झाली आणि त्याच महिन्यात ‘बॅटमन : अर्कहॅम नाइट’ची पीसी आवृत्ती आली. तिची अवस्था इतकी वाईट होती की प्रकाशकाने दुसऱ्याच दिवशी विक्री थांबवली आणि ऑक्टोबरअखेर ती पुन्हा सुरू केली. परताव्याचा हक्क नसता, तर इतक्या तत्परतेने विक्री थांबली असती असे मला वाटत नाही.

आता ज्या पोर्टनी मला मनापासून आनंद दिला त्यांविषयी लिहितो, कारण चांगल्या कामाची नोंद तर याहूनही कमी होते. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ २०२० मध्ये प्लेस्टेशन ४ वर आला आणि १६ मे २०२४ रोजी संगणकावर. १२७४ सालच्या मंगोल आक्रमणात सापडलेल्या जपानी बेटाची ही कथा. या खेळात वाट दाखवायला पडद्यावर बाण किंवा नकाशा येत नाही. वारा सुटतो, गवत एका दिशेने झुकते आणि आपण त्या दिशेने घोडा हाकतो. ही कल्पना सुंदर आहेच, पण गवताची ती लाट अखंड वाहिली तरच ती परिणाम करते. मध्येच चित्र अडखळले तर वाऱ्याचा आभास क्षणात मोडतो. नेदरलँड्समधील निक्सेस या चमूने हा पोर्ट इतक्या निगुतीने केला आहे की मध्यम ताकदीच्या, काही वर्षे जुन्या संगणकावरही त्या माळरानाचा प्रवाह टिकून राहतो. सेटिंगच्या पानावर प्रत्येक पर्यायाचा अर्थ स्पष्ट आहे आणि माउस-कीबोर्डचा विचार मुळापासून केलेला जाणवतो. अर्थात हाच चमू ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’च्या वेळी, जानेवारी २०२५ मध्ये, पहिल्या दिवशी टीकेत सापडला आणि पाठोपाठ पॅच देत राहिला. नावावर विश्वास ठेवून आगाऊ पैसे भरू नयेत, इतके यावरून निश्चित म्हणता येते.

फेब्रुवारी २०२५ मधला ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स २’ हा माझ्या मते अलीकडच्या काळातील सर्वांत प्रामाणिक पीसी खेळ आहे. १४०३ सालच्या बोहेमियातले गाव, त्यातली लोहारशाळा, बाजार, चर्च, चिखलाचे रस्ते, आणि कुट्टेनबर्गसारखे गजबजलेले शहर यांतून घोडा चालवताना संगणक फारसा कुरकुरत नाही. प्रागमधील वॉरहॉर्स स्टुडिओने क्रायइंजिन हे जुने, अंगवळणी पडलेले इंजिन (खेळ ज्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर) कायम ठेवले. २०१८ च्या पहिल्या भागात शहरात शिरताच गती कोसळत असे. तोच धडा गिरवून दुसऱ्या भागात नेमकी ती जागा दुरुस्त केलेली दिसते. पहिल्या भागाची आठवण असणाऱ्या खेळाडूला हा फरक कथेइतकाच सुखावतो.

‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. फ्रान्समधील मोंपेलिए येथील सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या छोट्या स्टुडिओचा हा खेळ एप्रिल २०२५ मध्ये आला. लढाई पाळीपाळीने चालते, पण शत्रूचा वार नेमक्या क्षणी कळ दाबून परतवता येतो. हा क्षण इतका आखूड आहे की खेळाची लय अंगात भिनावी लागते, आणि म्हणूनच स्थिर फ्रेम हा इथे सौंदर्याचा विषय न राहता खेळाच्या नियमाचाच भाग होतो. वार परतवता आला नाही, तर चूक आपली की यंत्राची, हा संशय मनात येता कामा नये. समीक्षेत ‘लढाई कठीण आहे’ असे लिहिले जाते, तेव्हा ती कोणत्या संगणकावर आणि कोणत्या गतीने खेळली हेही सांगावे लागते, ते एवढ्यासाठीच. ऑस्ट्रेलियातील टीम चेरीचा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला, तोही असाच क्षणाक्षणाच्या अचूकतेवर उभा आहे, फरक एवढाच की तो साध्या लॅपटॉपवरही विनातक्रार धावतो. ज्यांच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांना मी निःशंकपणे याचीच शिफारस करतो.

एका नव्या प्रवृत्तीविषयी मात्र मला काळजी वाटते. फेब्रुवारी २०२५ मधल्या ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’च्या अधिकृत शिफारशीतच असे नमूद होते की १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ६० एफपीएस मिळवण्यासाठी फ्रेम जनरेशन चालू ठेवावे. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये संगणकाने रचलेली फ्रेम घालणे. त्यामुळे चित्र गुळगुळीत दिसते, पण खेळाडूने कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमांच्याच गतीने येतो, किंबहुना थोडा उशिराच येतो. असे तंत्र पुरवणाऱ्या एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीनेही ते वापरण्यापूर्वी मूळ गती ६० च्या आसपास असावी असा सल्ला दिलेला आहे. आधीच गतिमान असलेला खेळ अधिक नितळ करण्यासाठी निघालेले साधन मंद खेळाला झाकण्यासाठी वापरणे मला अयोग्य वाटते, आणि सामान्य ग्राहकाला हा फरक समजावून सांगणे हे समीक्षकाचे काम आहे.

‘डूम : द डार्क एजेस’चा प्रश्न निराळा. तो खेळ म्हणून वेगवान आणि स्थिर आहे, त्याच्या तंत्रावर बोट ठेवायला जागा फारशी नाही. परंतु रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा प्रवास मोजून दृश्य रचण्याची, सोय असलेल्या कार्डाशिवाय तो सुरूच होत नाही. आपल्याकडे कितीतरी विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० हे कार्ड आहे आणि त्यात ही सोय नाही. चतुर्थीच्या सवलतीत मुलाला ‘गेमिंग लॅपटॉप’ घेऊन देणाऱ्या पालकांना हे कुणी सांगत नाही. नवे कार्ड लॅपटॉपमध्ये बसवता येत नाही, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या किमतीही भडकल्या आहेत. तेव्हा अशा एका ओळीची किंमत त्या घरासाठी मोठी असते.

खेळाच्या आकाराविषयीही लिहायला हवे. ‘हेलडायव्हर्स २’ हा खेळ संगणकावर सुमारे १५० जीबी जागा व्यापत होता, तर कन्सोलवर साधारण ३५ जीबी. जुन्या हार्ड डिस्कवर लोडिंग जलद व्हावे म्हणून तीच माहिती अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा साठवलेली होती. पुढे प्रत्यक्ष तपासणीत आढळले की लोडिंगचा बहुतांश वेळ नकाशा रचण्यातच जातो आणि त्या पुनरावृत्तीचा लाभ नगण्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तो आकार सुमारे २३ जीबीवर आणण्यात आला. सत्तरीच्या किंवा केप्याच्या आतल्या गावांत, जिथे मोबाइलच्या डेटावरच भागवावे लागते, तिथे १५० आणि २३ यांतील फरक हा खेळ मिळणे आणि न मिळणे यांतील फरक असतो. त्याच कारणाने एकट्याने खेळायच्या खेळाला इंटरनेटची किंवा वेगळ्या खात्याची सक्ती असू नये. पावसाळ्यात वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो, आणि अशा वेळी विकत घेतलेला खेळ उघडलाच नाही तर तो विकत घेतला असे कसे म्हणावे? सोनीने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या काही पीसी खेळांसाठी प्लेस्टेशन खात्याची सक्ती मागे घेतली, हा निर्णय स्वागतार्ह होता.

‘पुढे पॅच येतातच’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला, कन्सोलवरील त्याची अवस्था पाहून सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या दुकानातून काढला, आणि सप्टेंबर २०२३ मधील २.० आवृत्तीनंतर तो नावाजला गेला, हे खरे आहे. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याने जवळजवळ तीन वर्षे थांबावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. ‘निअर : ऑटोमाटा’च्या पीसी आवृत्तीला तर मार्च २०१७ पासून जुलै २०२१ पर्यंत कंपनीकडून सुधारणा मिळाली नाही, तोवर एका हौशी प्रोग्रामरच्या मॉडवर, म्हणजे त्याने बाहेरून केलेल्या बदलावर, सगळे अवलंबून होते. २०१२ मध्ये ‘डार्क सोल्स’ची दृश्ये धूसर असल्याचे दिसताच एका खेळाडूनेच काही तासांत त्यावर उपाय काढून दिला होता. या हौशी मंडळींचे श्रम थोर आहेत, पण त्यांच्या भरवशावर माल विकला जाऊ नये. याउलट ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये येऊन संगणकावर एप्रिल २०१५ मध्ये आला, आणि इतकी वाट पाहायला लावूनही तो पोर्ट भक्कम निघाल्यामुळे खेळाडूंनी तो वर्षानुवर्षे जवळ केला.

आपल्या वृत्तपत्रात नाट्यस्पर्धेतील प्रत्येक प्रयोगाचे परीक्षण येते, त्यात प्रकाशयोजना आणि नेपथ्य करणाऱ्यांचाही उल्लेख असतो. खेळांच्या बाबतीत हीच दृष्टी ठेवावी, एवढीच विनंती आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला, पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची भारतीय चित्रपरंपरेच्या रंगात रंगवलेली गोष्ट घेऊन, त्याची तरी तांत्रिक बाजूसह सविस्तर समीक्षा मराठीत व्हायला हवी होती.

पुरवणीतील प्रत्येक गेमविषयक लेखाखाली एक छोटी चौकट द्यावी, असे मी सुचवतो. खेळ कोणत्या प्रोसेसर, कार्ड आणि मेमरीवर खेळला, कोणत्या सेटिंगवर, स्टटर आढळला का, ८ जीबीपेक्षा कमी मेमरीच्या कार्डावर काय होते, डाउनलोड किती जीबीचे आहे, इंटरनेटविना खेळ उघडतो का, आणि लेख लिहिताना कोणता पॅच बसवलेला होता, इतकी माहिती त्यात पुरेशी होईल. ती गोळा करण्यासाठी आमच्या भागातील काही खेळाडू आपापल्या जुन्या-नव्या संगणकांवर खेळ तपासून देण्यास आनंदाने तयार आहेत. संपादकीय विभागाने कळवल्यास पुढील लेखापासूनच आम्ही आमची निरीक्षणे पाठवू.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा